पिवळ्या थराखाली

४ जानेवारी

प्रिय ठिणगी,

मी फोन उचलत नाही अशी तू आतोबांकडे तक्रार केलीस, ती पोचली. फोनवर मला नीट भांडता येत नाही, समोरचा मध्येच बोलतो. तेव्हा यापुढे पत्रं. तूही पत्रच लिही, आणि अक्षर जरा मोठं काढ.

तर बातमी खरी आहे म्हणायची. तुमच्या खात्याने मारलेलं नवं बोअर थेट माझ्या पिवळ्या थरातून गेलं, त्यातून निघालेला दगडाचा दांडा तुमच्या गोदामात आला, आणि तो तपासायचं काम तुझ्याकडे आलं. हे ऐकून मी गुडघा विसरून उभी राहिले. आतोबा म्हणाले, बसा, डॉक्टरांनी काय सांगितलंय. मी म्हटलं, तुम्ही दातांचे डॉक्टर, गुडघ्याचं मला सांगू नका.

तू शाळेत असताना आपण बादलीत वाळू ओतत बसायचो, आठवतं? चुनखडीचं तसंच, हे तुला तेव्हाच सांगितलं होतं. उथळ समुद्रात शिंपले, शेवाळं, बारीकसारीक जीव मरतात आणि तळ साचत साचत वर येतो. खाली शांत पाण्यातला गाळ, त्यावर लाटांनी घोळवलेले मोहरीएवढे गोल दाणे, त्यावर भरती-ओहोटीच्या पट्ट्यातलं शेवाळं आणि भेगाळलेला चिखल. बादली भरली की तळ हवेत डोकावतो. मग पाणी पुन्हा चढतं आणि नवी बादली सुरू होते. अशा एकावर एक बादल्या म्हणजे आपला अख्खा डोंगर.

पण पिवळ्या थरापाशी बादली भरलेलीच नाही. खाली लाटा पोचत नाहीत एवढ्या खोल पाण्यातली शिंपल्यांची वाळू, आणि तिच्यावर थेट हा पिवळा थर, माझ्या मते वाळलेली माती. मधले दाणे नाहीत, शेवाळं नाही. अर्ध्या बादलीतली वाळू कोरडी पडली, तर पाणीच उपसलं गेलं असणार. म्हणजे त्या वेळी समुद्र खाली गेला. मी हे तीस वर्षांपूर्वी लिहिलं, तेव्हा खात्याचे प्रमुख असलेले मोठे साहेब भर सभेत हसले. म्हणाले, "बाई, तुम्हाला जे हवं असतं तेच तुम्हाला दिसतं." आणि पुस्तकात छापून आलं: थर क्रमांक सतरा, पाण्याखालीच कडक झालेला तळ.

तेच पुस्तक आता नव्याने छापायला जातंय, मे महिन्याच्या अखेरीला. त्यातलं ते पान तू लिहिणार आहेस. एकदा छापलं की पुढे पिढीभर कोणी त्याला हात लावणार नाही, आणि मी काही पिढीभर थांबणार नाही. मला दिसलं ते तिथे होतं की नव्हतं, एवढं मला कळलं पाहिजे. काम सावकाश कर आणि मला सगळं कळव.

तुझी
आत्या


१९ जानेवारी

आत्या,

अक्षर मोठं काढलंय, बघ.

गोदाम म्हणजे एक लांबच लांब पत्र्याची शेड आहे. दोन्ही बाजूंना छतापर्यंत खोके, मध्ये कमरेएवढं उंच टेबल, आणि खोकेवाले काका, ज्यांना कुठला खोका कुठे हे झोपेतही सांगता येतं पण स्वतःचा चष्मा रोज हरवतो. आम्ही दोघांनी मिळून अख्खा दांडा मांडायला घेतलाय. टेबलावर तुकडे आडवे जोडायचे आणि त्यावर शेजारी शेजारी दोन रेघा ओढायच्या, एक लाल, एक काळी. दांड्याच्या वरच्या टोकाकडे तोंड केलं की लाल उजवीकडे यायला हवी. मग तुकडा कितीही कापला, हातातून गडगडला, तरी वर कुठे आणि खाली कुठे ते समजतं. काकांनी याचा सोपा मंत्र केलाय. डोकं डाव्या हाताला, लाल पलीकडची. दिवसभर आम्ही दाराकडच्या बाजूला उभे राहून हाच जप करतो.

तुझ्या थराचा खोका उघडला तेव्हा मजा झाली. सगळं खातं बघायला आलं. प्रमुखही आले, ते मोठ्या साहेबांचे लाडके विद्यार्थी होते हे तू जाणतेसच. त्या गर्दीने मला ढकलत ढकलत पार भिंतीकडच्या बाजूला नेलं, तरी रेघा मीच ओढल्या, भिंतीला पाठ लावून. आत्या, थर खरंच पिवळा आहे. हळदीसारखा पिवळा. मला उगाचच भरून आलं.

आता तुकडे कापून त्यांच्या पातळ काचपट्ट्या करायला दिल्यात. मायक्रोस्कोपखाली काय दिसतं ते दिसलं की कळवतेच.

तुझी
ठिणगी


२ फेब्रुवारी

प्रिय ठिणगी,

तुझं पत्र आतोबांना दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा ते झोपले, पण पहिल्यांदा त्यांनी चांगला प्रश्न विचारला होता. इतक्या जुन्या दगडात हवा होती की पाणी होतं हे कसं कळणार? मी त्यांना स्वयंपाकघरातला टपकणारा नळ दाखवला. वाळूच्या दाण्यांमध्ये पाणी गच्च भरलेलं असेल तर त्यातला बारीक गाळ वरून खाली बसतो, टेबलावर धूळ बसते तसा, दाण्यांच्या डोक्यावर. पण वाळू कोरडी पडली, तिच्या फटींत हवा शिरली, की पावसाचं पाणी दाण्यावरून ओघळतं आणि खालच्या बाजूला थेंब होऊन लोंबतं. थेंब वाळतो आणि मागे चुना ठेवून जातो. पुन्हा थेंब, पुन्हा चुना. गाळ दाण्याच्या डोक्यावर असला तर समुद्र, थेंब खाली लोंबत असला तर उघडी जमीन.

मला त्या काळी भिंगातून थेंब दिसले होते. पण ते तुकडे डोंगराच्या पायथ्याशी पडलेले होते, त्यांचं वर-खाली मी अंदाजाने ठरवलं होतं, आणि साहेबांनी नेमकं तिथेच मला पकडलं. दगड इतका जुना की सगळं पुन्हा थिजून धुरकट झालेलं, पोतावरून गाळ की थेंब सांगताच येत नाही. कुठल्या बाजूला आहे त्यावरच सगळा खेळ. तुझ्याकडे रेघा आहेत. माझ्याकडे नव्हत्या. म्हणून तुझ्या काचपट्ट्यांची मी इतकी वाट बघतेय.

आत्या


२७ फेब्रुवारी

आत्या,

उशीर झाला, रागावू नकोस. इथे कँटीन बदललं. नवीन बाई सूप फार छान करतात, मात्र पाव कालचा देतात. माझ्या खोलीच्या खिडकीला शेवटी पडदा मिळाला, हिरवा. खोकेवाल्या काकांचा चष्मा एका खोक्यात सापडला, त्यांनी त्यावरही लेबल लावलं. शेजारच्या टेबलावरचा नवा नकाशेवाला दिवसभर शीळ वाजवतो. सूर बरा आहे. थंडी कमी होतेय.

तुझा गुडघा कसा आहे? आतोबांना नमस्कार.

ठिणगी


५ मार्च

प्रिय ठिणगी,

पत्र वाचलं. सूप, पाव, पडदा, चष्मा, शीळ. दगडाचा एक शब्द नाही. मी तुझ्या बापाची मोठी बहीण आहे, त्यालाही खोटं बोलता यायचं नाही. परीक्षेत नापास झाला की तोही घरी येऊन हवापाण्याच्या गप्पा मारायचा.

तेव्हा सरळ विचारते. तो शीळवाला कोण? सूर बरा आहे म्हणून कोणी पत्रात लिहीत नाही. मुलगा चांगला असेल तर माझी काही हरकत नाही, फक्त लग्न मे महिन्यानंतर करा, आधी माझं पान लिहून होऊ दे. आतोबा म्हणतात की तू नोकरी सोडणार असशील. मी त्यांना गप्प केलंय, पण रात्री मलाही तेच वाटलं. जे असेल ते लिही. मला वाईट बातमीपेक्षा सूप जास्त झोंबतं.

आत्या


१२ मार्च

आत्या,

शीळवाल्याचं लग्न झालंय. त्याला दोन मुलं आहेत. नोकरीही सोडत नाहीये.

काचपट्ट्या फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच आल्या होत्या. मी रोज बघतेय, रोज वाटतं की आज वेगळं दिसेल. दिसत नाही. पिवळ्या थराखालच्या वाळूत, एकूण एक दाण्याच्या डोक्यावर तो धुरकट थर बसलाय. डोक्यावर, आत्या. खाली काही लोंबत नाही. म्हणजे तो गाळ आहे, पाण्यातून बसलेला, आणि तळ पाण्याखालीच कडक झाला. मोठे साहेब म्हणाले तेच.

प्रमुखांनी बघितलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, वाद मिटला एकदाचा. मी स्वच्छतागृहात जाऊन रडले. तुला सांगायचं धाडस होत नव्हतं, म्हणून सूप लिहिलं. एका काचपट्टीचा मोठा फोटो सोबत पाठवतेय. वरची बाजू बाणाने दाखवली आहे.

मला माफ कर. तुझ्यासाठी मला दुसरं काहीतरी बघायचं होतं.

ठिणगी


३० मार्च

चि. ठिणगीस,

मी आतोबा. तुझ्या आत्याला न सांगता लिहितोय. पत्र आल्यापासून ती घरातली कपाटं आवरतेय. सगळी आवरून झाली, आता शेजारणीची आवरायला घेतलीत. तुझ्यावर रागावलेली नाही. फोटो तिने पाहिला, बाणावर बोट ठेवलं, आणि टेबलाच्या खणात ठेवून दिला. काल मला म्हणाली, "तीस वर्षं मी त्या माणसाला मनातल्या मनात शिव्या देत होते आणि तो बरोबर होता." मी चहा केला, फार वाईट झाला होता, तरी ती प्याली. यावरून काय ते समज.

तू मात्र लिहीत राहा. सूप लिहिलंस तरी चालेल.

आतोबा


११ एप्रिल

प्रिय ठिणगी,

माफी कसली मागतेस? तू बरोबर केलंस. जे दिसतं ते लिही. पानावर स्पष्ट लिही की पिवळा थर पाण्याखाली कडक झाला, आणि आधीचं मत चुकीचं होतं. आधीचं मत कोणाचं तेही लिही, लपवू नकोस. चुकलेल्या माणसाचं नाव पुसून टाकणं हा त्याच्यावर उपकार नसतो.

मला त्रास झाला. खोटं कशाला बोलू? थर गेला त्याचा एवढा नाही. साहेबांचं ते वाक्य खरं निघालं त्याचा झाला. मला हवं ते दिसतं, असं ते म्हणाले होते, आणि तेव्हापासून कुठल्याही दगडाकडे बघताना मी स्वतःला विचारत आले की बाई, हे आहे की तुला हवंय. आता उत्तर मिळालं. मिळालं ते बरंच झालं.

तुझ्या कामाचा मला अभिमान आहे. आपल्या माणसाविरुद्ध जाणारी गोष्ट लिहायला छाती लागते.

आत्या

१३ एप्रिल. पत्र टाकायचं राहिलं, तेव्हा हे त्यातच लिहिते. नीट वाच.

आज सकाळी मी फोटो खणातून काढला. म्हटलं, एकदा शेवटचा बघून घ्यावा. टेबलावर ठेवला. आतोबा समोर बसून पेपर वाचत होते. त्यांनी पेपरावरून डोकावून विचारलं, "हे सगळे दाढीवाले कोण?"

मी म्हटलं, कसले दाढीवाले? तर म्हणाले, या सगळ्यांना खालच्या बाजूला दाढ्या आहेत की. मी समोरून बघत होते. माझ्या बाजूने त्या दाढ्या दाण्यांच्या डोक्यावर होत्या. बाण बघितला आणि माझं डोकं बंद झालं, ठिणगी. बाण सांगतो म्हणून मी टोप्या बघत होते. उठून त्यांच्या खुर्चीमागे गेले. काय सांगू तुला? टोकाशी निमुळत्या झालेल्या, मध्यभागी जाड, टपकायच्या बेतात असलेल्या. धूळ अशी बसत नाही. धूळ सपाट बसते.

पण माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. मला हे हवंय, फार हवंय, आणि आतोबांना माझी बाजू घ्यायची जन्मभराची सवय आहे. तू फक्त एक कर. त्याच खोक्यातल्या तुकड्यांत एखादी अख्खी गोगलगाय शोध, माझ्या तुकड्यांत एकही नव्हती. गोगलगाय मेली की चिखल तिच्या पोटात शिरतो आणि खाली बसतो, वरच्या रिकाम्या जागेत नंतर पांढरा स्फटिक वाढतो. तिच्या पोटातला चिखल कुठे आहे ते बघ. मला काय हवंय ते विसर आणि बघ.


२२ एप्रिल

आत्या,

घाईघाईत लिहितेय, म्हणून अक्षर आपोआप मोठं आलंय.

त्या खोक्यात गोगलगायी सापडल्या. एक नाही, कितीतरी. बाण वर धरला तर सगळ्यांच्या पोटात पांढरा स्फटिक खाली आणि चिखल वर. चिखल वर तरंगतो का कधी? काचपट्ट्या उलट्या आहेत. त्या एकाच खोक्यातल्या, सगळ्याच्या सगळ्या. वरचा खोका बघितला, खालचा बघितला, तिथे चिखल जिथे हवा तिथेच आहे.

मी स्टूल ओढून सगळे तुकडे पुन्हा एकेक करून बघितले. असं झालंच कसं? खोक्यातला क्रम तर बरोबर होता. खोकेवाले काका आले, त्यांनी तुकड्यावरच्या रेघा बघितल्या, मग टेबलाकडे बघितलं, मग मला विचारलं की हा खोका आला त्या दिवशी तू कुठे उभी होतीस.

भिंतीकडे. आत्या, मी भिंतीकडे उभी होते. रोज दाराकडून दांड्याचं डोकं डाव्या हाताला येतं आणि लाल पलीकडची. त्या दिवशी गर्दीने मला पलीकडे ढकललं, तिथून डोकं उजव्या हाताला, आणि मी तोच जप करत लाल पलीकडेच ओढली. मंत्राचा अर्धा भाग विसरले. पुढे कापणाऱ्याने रेघा बघून बाण काढला, त्याचं काहीच चुकलं नाही. काकांनी कपाळावर हात मारला, मग इतके हसले की त्यांचा चष्मा पुन्हा पडला.

म्हणजे थेंब लोंबतायत. तुला दिसलं ते होतं. पण आता प्रमुखांना सांगितलं तर ते म्हणणार की भाचीने आत्यासाठी फोटो उलटा केला. काय करू?

ठिणगी


२९ एप्रिल

प्रिय ठिणगी,

आनंद नंतर करू, आधी काम.

खोक्यातून ताजे तुकडे काप, पिवळ्या थराखालचे, आणि असे निवड की प्रत्येक काचपट्टीत एक गोगलगाय येईल. त्यावर बाण काढू नकोस. थराचा आकडा लिहू नकोस. कुठून आली ते सांगू नकोस. प्रमुखांसमोर ठेव आणि म्हण, आधी गोगलगायीवरून वर-खाली ठरवा, मग दाण्यांकडे बघा. बाकी तोंड उघडू नकोस. मला जी परीक्षा कोणी दिली नाही ती त्यांना देऊ दे. त्यांना काय हवंय ते आपल्याला ठाऊकच आहे. तरी त्यांना काय दिसतं ते बघू.

आणि नापास झालो तर मला त्याच दिवशी लिही. सूप नको.

आत्या


१९ मे

आत्या,

आज काय झालं ते पहिल्यापासून सांगते, मधूनच शेवटावर उडी मारू नकोस. मी तुला ओळखते.

सभागृहात सगळं खातं होतं. मी मायक्रोस्कोप मांडले, बिनबाणाच्या, बिनआकड्याच्या काचपट्ट्या वाटल्या आणि सांगितलं की आधी गोगलगाय, मग दाणे. प्रमुखांनी नाक मुरडलं, म्हणाले ही काय शाळा आहे का? पण बसले. शीळवालाही बसला. मी भिंतीशी उभी राहिले, हात मागे बांधून.

प्रमुखांनी काचपट्टी फिरवली. थांबले. पुन्हा फिरवली. भिंग बदललं. बाकीचे आपापसांत कुजबुजायला लागले तसे त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. मग डोळा न उचलता म्हणाले, "हे उघड्यावर सुकलंय. पाण्याखाली असं होत नाही." बाकीच्यांनी कागदावर उत्तरं लिहिली होती. सगळ्यांची तीच होती, आत्या. एकही वेगळं नाही.

तेव्हा त्यांनी विचारलं की हे कुठलं. मी म्हटलं, थर क्रमांक सतरा.

ते उभे राहिले, पुन्हा बसले. मी रेघांची सगळी कहाणी सांगितली, मी भिंतीकडे कशी उभी होते तेही. खोकेवाल्या काकांनी दांडा आणून टेबलावर मांडला आणि दोन्ही बाजूंना फिरून दाखवलं. प्रमुख स्वतः उठले, आधी दाराकडून उभे राहिले, मग भिंतीकडून, आणि तोंडातल्या तोंडात मंत्र म्हणून बघितला. मग म्हणाले, गोदामात न तपासता पडलेल्या दुसऱ्या दोन बोअरांचे तेच थर काढा. आम्ही सगळे धावलो. खोके उतरवले, तिथेच तुकडे कापले, ओल्या दगडावरच भिंग लावून बघितलं. तिन्ही ठिकाणी तेच, वाळलेली माती आणि तिच्याखाली खोल पाण्यातली वाळू. मधले गोल दाणे कुठेच नाहीत.

एका जागी झालं असतं तर कोणी म्हणालं असतं की तिथे उंचवटा असेल. तिन्ही ठिकाणी म्हटल्यावर बोलायला जागा उरली नाही. प्रमुख मोठ्याने म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "तळ वर आलेला नाही. समुद्रच खाली गेला." आत्या, तुझंच वाक्य. जसंच्या तसं. मी ते कधी त्यांच्यासमोर बोलले नव्हते.

त्यांनी छपाईचं पान मागवलं आणि स्वतःच्या पेनाने आपल्या गुरूंची ओळ खोडली. हात किंचित थांबला, मला दिसलं. मग खोडली. वर लिहिलं, थर उघडा पडला, समुद्र खाली गेला, आणि हे प्रथम कोणी ओळखलं तेही लिहिलं. मग 'थर क्रमांक सतरा' हेही खोडलं. मला विचारलं, बाई याला काय म्हणायच्या? मी सांगितलं. आता पुस्तकात छापून येणार, पिवळा थर.

शीळवाल्याने टेबल बडवायला सुरुवात केली आणि मग सगळ्यांनीच. काका रडत होते, म्हणाले चष्म्यात धूळ गेली. चष्मा त्यांच्या डोळ्यांवर नव्हता.

जाताना प्रमुख माझ्याजवळ आले. दरीपलीकडे नवं बोअर मारतायत. समुद्र किती खाली गेला ते शोधायचं तर तिथे तो थर किती खोलवर उघडा पडलाय ते बघायला हवं. तो ओळखणारा माणूस हवाय. म्हणाले, बाईंना विचारा येतील का. मी विचारते असं सांगितलं. येशील?

तुझी
ठिणगी


२६ मे

प्रिय ठिणगी,

शेवटावर उडी मारली. मग पहिल्यापासून वाचलं, मग पुन्हा शेवटावर आले.

मी जिंकले. हे वाक्य मी आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं, लिहून बघितलं, बरं दिसतं. मी जिंकले. तू आणि मी, खोकेवाले काका, आणि तुझे आतोबा, जे आता घरात येईल त्याला सांगतायत की मूळ शोध त्यांचा. 'दाढीवाले' हा शब्द त्यांनी पेटंट घ्यायच्या तयारीने जपलाय. त्यांच्या जुन्या रुग्णांनाही फोन करून सांगितलं. एका बिचाऱ्याला वाटलं, त्याच्या दाढेचं काहीतरी निघालं.

मी तिन्ही मजले उतरून खाली गेले. गुडघा कुरकुरला, मी लक्ष दिलं नाही. जिना उतरताना भेटेल त्याला सांगितलं की समुद्र खाली गेला होता. खालच्या दुकानदाराने विचारलं, कधी? मी म्हटलं, फार पूर्वी, पण मान्य आत्ता झालं. त्याने हात जोडले. मी तिथेच पायरीवर बसून मनसोक्त रडले आणि मग उठून मजेत चालत वर आले.

मोठे साहेब आज असते तर त्यांच्यासमोर ती काचपट्टी ठेवली असती. ते गेले त्याचं वाईट वाटतं, पण त्यांना सोडून दिलं असं समजू नकोस. मला जे हवं होतं तेच मला दिसलं, साहेब. कारण ते तिथे होतं. एवढं मनात बोलले आणि तो माणूस माझ्या डोक्यातून निघून गेला. किती मोठी जागा अडवून बसला होता ते आता कळतंय.

आणि तुझ्या प्रमुखांना सांग की ओळ खोडताना ज्याचा हात थांबतो आणि तरी जो खोडतो, त्याच्याबरोबर काम करायला मला आवडेल.

येते. गुरुवारी पहिल्या गाडीने निघते. आतोबाही येतायत, ते म्हणतात दाढ्या ओळखायला तज्ज्ञ लागतो. टेबलाशी एक पाठ असलेली खुर्ची ठेव, स्टुलावर माझं जमायचं नाही. नवा दांडा आला असेल तर खोके उघडून ठेवा, पण मी येईपर्यंत त्याला कोणी रेघ लावायची नाही. लाल पेन मी घरून आणतेय. मी खोक्याजवळ आले की सगळं खातं, प्रमुखांसकट, टेबलाच्या एकाच बाजूला उभं राहील.

दाराकडच्या.

आत्या